पुढचा वारा

कर्जतच्या बाजारात भर गर्दीत "सव्वीस!" अशी हाक आली, तर निदान चार माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात. त्यात एखादा बँकेतला साहेब असतो, एखादा वांगी विकणारा असतो, आणि एकदा तर स्वतः फौजदार होता. ही हाक आमच्या भूगोलाच्या बाईंची. बाईंनी उभ्या जन्मात कुणाचं नाव लक्षात ठेवलं नाही आणि कुणाचा हजेरीचा नंबर त्या विसरल्या नाहीत. "नावं लग्नात बदलतात, कोर्टात बदलतात," त्या म्हणायच्या, "नंबर पडला की पडला." एका लग्नात भर मांडवात नवऱ्यामुलाला म्हणाल्या, "एकोणीस, मुंडावळ्या सरळ कर." नवरीकडच्यांना वाटलं, याचं हे एकोणिसावं. लग्न मोडता मोडता राहिलं.

मी सदतीस. माझं कुंभिवलीला हायवेलगत रेडिएटरचं दुकान आहे. घाटाच्या पायथ्याशी रेडिएटरचं दुकान म्हणजे शाळेच्या फाटकासमोर बोरं-चिंचांची गाडी. घाट चढा आहे तोवर माझी चूल पेटती आहे. इंजिन म्हणजे चुलीवरचं पातेलं आणि रेडिएटर म्हणजे त्यातल्या पाण्याला गार करणारी जाळी. पाणी जाळीतून फिरतं, जाळीला वारा लागतो, गाडी शांत राहते. एवढं ज्याला कळलं त्याला माझा सगळा धंदा कळला. उरलेलं नुसतं झाळकाम, कथील वितळवून भोकं बुजवणं.

पण वाऱ्याचं आणि माझं जुनं वाकडं आहे. सातवीत बाईंनी विचारलं होतं, "सदतीस, नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणजे काय?" मी उभा राहून ठणकावून सांगितलं, "नैर्ऋत्येला जाणारे वारे." वर्ग गप्प झाला. बाहेर पिंपळावरचे कावळेसुद्धा गप्प झाले. बाई म्हणाल्या, "वाऱ्याला नाव तो जिथून येतो तिथलं देतात. जातो तिथलं नाही. तू पुण्याला गेलास म्हणून पुणेकर होशील का? उभा राहा." तेवढ्यात घंटा झाली, बाई निघून गेल्या, आणि "बस खाली" म्हणायचं राहून गेलं. तेव्हापासून मी बाईंना कुठंही भेटलो, लग्नात, रेल्वेच्या पुलावर, दवाखान्याच्या रांगेत, की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "काय सदतीस, अजून उभाच ना?"

बाई कपडे वाळत घालण्याआधी बोट तोंडात घालून ओलं करायच्या आणि वर धरायच्या. बोटाची कुठली बाजू आधी गार पडते त्यावरून वारा ठरायचा, वाऱ्यावरून दोरी ठरायची. अंगणात चार दिशांना चार दोऱ्या होत्या. वांग्याकडे बघून ते नदीकाठच्या मातीतलं की माळावरचं, हे सांगायच्या आणि भाजीवाल्याशी त्यावरून भांडायच्या. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम. वर्गात समोरासमोर खिडक्या नसल्या तरी तेच, पाहुणा जेवून उठायचं नाव घेत नसला तरी तेच, आणि मुख्याध्यापकांना ढेकर येईना तेव्हाही भर स्टाफरूममध्ये तेच: "येणाऱ्याला दार दिलंत. जाणाऱ्याला?"

आता गाडी.

बाईंचे वडील कर्जतचे डॉक्टर. त्यांनी कुण्या परत निघालेल्या गोऱ्या इंजिनियराकडून दोन सीटांची, उघड्या टपाची विलायती गाडी घेतली. रंग बाटलीसारखा हिरवा, नाक लांब, उंची एवढी कमी की म्हशीच्या पोटाखालून जाईल. (एकदा गेली, असं म्हशीवाला सांगतो.) डॉक्टर गेल्यावर गाडी बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघांची झाली. भाऊ लोणावळ्याला बंगला बांधून राहिला, गाडी कर्जतला बाईंच्या पडवीत राहिली. बाई ती चालवायच्या. पदर खोचलेला, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर झाळकाम करणाऱ्याचा काळा चष्मा. तो माझाच होता. बघायला म्हणून घेतला आणि परत दिला नाही.

मग एका उन्हाळ्यात इंजिनाचा ठोकळाच तडकला. तसलं इंजिन आता विलायतेतही मिळत नाही म्हणे. गाडी बसली. तेवढ्यात भावाला पुण्याचा एक हॉटेलवाला भेटला. त्याला ती गाडी हॉटेलात शिरल्या शिरल्या दिसेल अशी ठेवायची होती. चाकं काढून, विटांवर, आणि सीटांच्या जागी फुलझाडांच्या कुंड्या.

भाऊ हे सांगायला आला तेव्हा मी तिथं होतो. बाईंच्या घरच्या पाण्याच्या टाकीला झाळ लावत होतो, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

"बाबांच्या सीटवर मनीप्लँट?" बाई म्हणाल्या.

"ताई, पडवीत उंदीर राहतात तिच्यात. त्यापेक्षा मनीप्लँट बरं."

"मी तिला चालती करीन."

"आणि मग? तू ती घाटात घेऊन जाणार, मला माहितीये. अडकलीस म्हणजे? मागून कंटेनर येतात, ताई. मी तिकडं फोनकडे बघत बसू?" भाऊ वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, आणि त्याचं कारण समोर पदर खोचून उभं होतं.

बाई म्हणाल्या, "धाकट्या, घाट न अडकता चढले तर?"

भावाने थोडा विचार केला. मग म्हणाला, "भाऊबीजेला घाट चढून माझ्या दारात आण. स्वतः चालवत. कुठं न थांबता, न उकळता. गाडी तुझी, ओवाळणी समज. नाहीतर दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याचा टेंपो येईल आणि तू त्याच्या आडवी पडायची नाहीस."

"कबूल," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "सदतीस, टाकी राहू दे. बाहेर ये."

इंजिन मी शोधलं. आमच्या हायवेला ठोकलेल्या गाड्यांना तोटा नाही. एक चांगली मोटार मागून चेपून भंगारात आली होती, तिचं पुढचं सगळं ठणठणीत. इंजिन तरणंताठं, जुन्यापेक्षा दुप्पट ताकदीचं. ते गाडीत बसवणं म्हणजे आजोबांच्या सदऱ्यात पैलवान घालणं. बसला. बटणं मात्र लागेनात. दुप्पट ताकद म्हणजे दुप्पट ताप, आणि गाडीचं नाक एवढं अरुंद की जुना रेडिएटर पाटीपेक्षा मोठा नव्हता. नवा उभा बसवावा तर बॉनेट लागेना, बुटका बसवावा तर इंजिन गार होईना.

मी एका छोट्या टेंपोची जाळी घेतली, वरखाली पितळी टाक्या झाळल्या, आणि ती उभी न ठेवता मागे कलती बसवली, आरामखुर्चीत माणूस रेलावा तशी. बाईंनी बघितलं आणि खूश झाल्या. "हा सह्याद्री," जाळीवर बोट ठेवून म्हणाल्या. "वारा येणार, इथं आपटणार, वर चढणार. पण बाजूच्या फटीतून पळाला तर? पालघाटाच्या खिंडीतून पळतो तसा?" म्हणून जाळीच्या भोवतीच्या फटी मी गोडेतेलाच्या डब्यांचे पत्रे कापून बुजवल्या. वारा आला तर जाळीतूनच यायला पाहिजे.

मी हात पुसले. बाई हलेनात.

"येणाऱ्याला दार दिलंस," म्हणाल्या. "जाणाऱ्याला?"

खरंच की. इंजिन एवढं खच्चून बसलं होतं की जाळीतून आत आलेला गरम वारा बाहेर पडायला मुंगीची वाट नव्हती. तो निघणार कुठून, हे ठरवायला बाईंनी काय करावं? तांबडी लोकर आणली, वीतभर तुकडे केले आणि अख्ख्या बॉनेटभर, कडांना, चाकांच्या वर चिकटपट्टीने लावले. मग त्या गाडी चालवायला बसल्या आणि मला म्हणाल्या, "स्कूटरवरून शेजारून चल आणि कुठला धागा कुणीकडे उडतो ते मोठ्याने सांग."

तर पळसदरीच्या रस्त्याने एक तांबड्या केसांची गाडी चाललीय, गॉगल लावलेल्या म्हाताऱ्या बाई ती हाकतायत, आणि शेजारून मी ओरडतोय, "डावा मागं! उजवा मागं! मधला उलटा फिरतोय, बाई, मधला पिसाळलाय!" लोक घराबाहेर आले. कुणीतरी नारळ घेऊन आला. त्याला वाटलं, कसलीतरी पालखी आहे. पण धागे खोटं बोलले नाहीत. काचेखालचे धागे उलटे, म्हणजे तिथून वारा बाहेर येणार नाही. पुढच्या चाकांच्या मागचे धागे बाहेर खेचले जात होते. तिथं मी दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा पाडल्या. गाडी श्वास घ्यायला लागली.

राहिला फॅन. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो. पण घाटात एखाद्या टँकरमागे मुंगीच्या पावलांनी चढायचं तर जाळीला वारा देणारा फॅन पाहिजे. तो विजेचा, पाणी तापलं की आपोआप लागणारा. वायरींचं काम माझं नाही. त्यासाठी लोधिवलीचा वायरमन बोलावला. तोही बाईंचाच विद्यार्थी, नंबर अकरा. बाई तेव्हा आत चहा टाकत होत्या. त्यांनी आतून सांगितलं, "सदतीस, अकराला सांग, फॅनला पुढचा वारा हवा."

मी सांगितलं, "पुढचा वारा."

अकरा गाडीखालून म्हणाला, "पुडचाच ना रं? मागचा नाय?"

"पुढचा, पुढचा."

आता हे ऐकणाऱ्या कुणालाही सरळ वाटेल. आम्हालाही वाटलं. त्याने दोन वायरी जोडल्या, फॅन घुर्र करून फिरला, गोल दिसला, आम्ही चहा प्यायलो.

दसऱ्याला गाडीची पूजा ठेवली. नाकावर झेंडूचा हार घातला. बाई स्टिअरिंगवर बसल्या होत्या, इंजिन चालूच, कारण बंद केलं तर पुन्हा चालू होईल की नाही याची खात्री फक्त देवाला होती. ओवाळायला माझी बायको पुढं झाली. तिने निरांजन लावलं, ताट गाडीच्या नाकासमोर धरलं, आणि फटकन ज्योत विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदाही तेच. जमलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"इजली गं!" एक म्हणाली. "आता कंच्या तोंडानं जायचं घाटात?"

"हवा हाय ऑक्टोबरची," अकरा म्हणाला. पण झाडाचं पान हलत नव्हतं.

हार मात्र हलत होता. गाडीच्या नाकापासून सुटून पुढे फुगत होता. आम्ही म्हणालो, बघा, गाडीला उत्साह किती.

बाईंनी काही ऐकलं नाही. त्यांचं लक्ष पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर. त्याच दिवशी दुपारी आम्ही घाटाची परीक्षा घ्यायला निघालो. बाई, शेजारी मी, मांडीवर पाण्याचा कॅन. खोपोलीपर्यंत गाडी अशी गेली की रस्त्यावरची कुत्री मागे लागायची विसरली. काटा निम्म्यावर गप्प. घाट सुरू झाला, पहिली वळणं घेतली, आणि पुढे आला गॅसचा टँकर. तो चालला होता की उभा होता, हे ठरवायला खुणेचं झाड लागलं असतं. आम्ही त्याच्यामागे. काटा हलला. फॅन घुर्र करून लागला. मी म्हटलं, झालं, आता उतरेल. काटा आणखी चढला. जसजसा फॅन फिरेल तसतसा चढला. शेवटी रेडिएटरच्या टोपणातून जी वाफ उडाली, ती एवढी की खाली खोपोलीत लोकांना वाटलं धुकं उतरलं आणि दोन हॉटेलांनी कांदाभज्यांचा घाणा काढला.

गाडी कडेला घेतली. मोटरसायकलवाली पोरं फोटो काढायला थांबली. त्यांना बाईंनी उकळणाऱ्या गाडीसमोर उभं करून घाटमाथा म्हणजे काय ते शिकवलं. एकाला उभंच ठेवलं. मग परत फिरलो. उतारावर इंजिन गार, काटा खाली, आणि बाई सरळ समोर बघत होत्या. पडवीत गाडी लावून उतरल्या तेव्हा सीटवरून हात फिरवत फक्त म्हणाल्या, "कुंड्या किती मावतील रे हिच्यात?"

मला हे ऐकवेना. मी पाणी बदललं, होज पाइप बदलले, पंप खोलून पाहिला. कोडं सुटेना. उभी ठेवली तर गाडी गार. सुसाट पळवली तर गार. हळूहळू चढावर नेली, की उकळते. आणि फॅन लागला की आणखी उकळते. अकरा म्हणाला, "सदतीस, ही बाधा हाय. तवा निरांजन इजलं ना?" गावात तर सगळे तेच म्हणायला लागले. आक्का, मावश्या, रिक्षावाले, जो भेटेल तो बायकोला विचारायचा: विझली का गं ज्योत? तीनदा? अरेरे.

बायको शेवटी वैतागून बाईंकडेच गेली. मी दुकानातून तिला न्यायला गेलो तेव्हा ती पडवीत बसून सांगत होती, "बाई, माजा काय दोष हाय ओ? मी नीट धरलं व्हतं ताट. सगळी येकच इचारत्यात, इजली का, इजली का."

बाई वाटाणे सोलत होत्या. हात थांबला.

"विझली ते कळलं," म्हणाल्या. "विझायच्या आधी कुणीकडे वाकली?"

"माज्याकडं. तोंडावरच आली. भुवया जळायच्या ऱ्हायल्या बगा."

बाई उठल्या. वाटाण्याची परात सांडली, वाटाणे गडगडत गाडीखाली गेले. त्यांनी गाडी चालू केली, आम्हाला तसंच बसवून ठेवलं आणि पाणी तापेपर्यंत काट्याकडे बघत उभ्या राहिल्या. फॅन लागला. बाईंनी बोट ओलं केलं, गाडीच्या नाकासमोर धरलं. पुढून गार लागायला हवं होतं. लागलं मागून, गाडीकडून, आणि गार नाही, गरम.

"सदतीस," बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट. "अकराला काय सांगितलं होतंस?"

"तुम्ही म्हणालात तेच, बाई. पुढचा वारा."

"आणि अकराने काय केलं?"

"वारा पुढं सोडला."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गॅरेजात पुढचा गिअर म्हणजे पुढं नेणारा, मागचा म्हणजे मागं नेणारा. अकराने गॅरेजच्या भाषेत ऐकलं. बाई भूगोलाच्या भाषेत बोलल्या होत्या: पुढचा वारा म्हणजे पुढून येणारा. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो तिथलं. फॅन उलटा फिरत होता. गाडी सुसाट असली की समोरचा वारा त्याला दडपून टाकायचा. उभी असली की उलटा का होईना, तो जाळीतून वारा ढकलायचा. पण हळू चढताना समोरचा थोडा आणि फॅनचा थोडा, असे दोन वारे जाळीत छातीला छाती लावून उभे राहायचे, आणि मधे पाणी उकळायचं.

चूक कुणाची, यावर आजही एकमत नाही. अकरा म्हणतो माझी, मी म्हणतो अकराची, बाई म्हणतात पाठ्यपुस्तक मंडळाची. दोन वायरींची अदलाबदल करायला अकराला विडी पेटवण्याएवढाही वेळ लागला नाही. बायको तेवढी म्हणाली, "म्हंजे बाधा नव्हती?" बाई म्हणाल्या, "होती. व्याकरणाची."

वायरी बदलल्यावर पुन्हा घाटात जाऊन बघू, असं मी म्हटलं. बाई नाही म्हणाल्या. "परीक्षा एकदाच असते." खरं सांगू, त्या घाबरल्या होत्या. मी तर एवढा घाबरलो होतो की भाऊबीजेला पहाटे अंघोळीच्या उटण्याऐवजी ग्रीस लावलं असतं.

निघालो. मांडीवर पाण्याचा कॅन, कॅनवर बाईंचा डबा, डब्यात निरांजन, तूपवात, सुपारी. खोपोली सुटली. आणि ज्याला म्हणतात ना नशीब, ते वळणावर उभंच होतं: गॅसचा टँकर. तोच होता, मी शपथेवर सांगतो. आम्ही त्याच्यामागे लागलो. काटा हलला. बाईंनी स्टिअरिंग धरलं होतं ते इतकं घट्ट की बोटं पांढरी झाली. काटा चढला. फॅन लागला, घुर्र.

मी डोळे मिटले.

"डोळे उघड, सदतीस," बाई म्हणाल्या. "तुझ्या डोळे मिटण्याने काटा उतरत नाही."

काटा उतरत होता. लंगडत, नाखुशीने, पण उतरत होता. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर लोक चालत्या गाडीतून नाणं टाकतात. बाईंनीही टाकलं. म्हणाल्या, "या घाटाची वाट यानेच दाखवली होती. भूगोलाचा पहिला मास्तर." मागून कंटेनरने हॉर्न मारला. बाईंनी हात बाहेर काढून त्याला वर्गात गप्प करावं तसं गप्प केलं.

लोणावळ्याला भाऊ फाटकातच उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. हातातल्या फोनला घाम आला होता. गाडी वळून त्याच्यासमोर आली तेव्हा त्याने आधी टोपणाकडे बघितलं, वाफ नाही. मग बाईंकडे बघितलं.

"पाट आण," बाई म्हणाल्या. "इथंच. गाडीच्या नाकाशेजारी."

"ताई, आत ये, आत ओवाळ. इंजिन तरी बंद कर."

"चालूच राहील. बस."

भाऊ फाटकात, पाटावर, डोक्यावर रुमाल घालून बसला. बाईंनी निरांजन लावलं. आणि तेवढ्यात, घाट चढून आलेल्या गाडीचा फॅन लागला. घुर्र. भाऊबीजेला भावासमोर ज्योत विझली असती तर गाडीच काय, मी कुंभिवली सोडून परागंदा झालो असतो.

ज्योत हलली. लवलवली. मग शांतपणे बाईंपासून लांब झाली, भावाच्या कानाजवळून पुढे वाकली आणि गाडीच्या जाळीकडे अशी झुकून राहिली, जणू गाडी तिचा वास घेत होती. विझली नाही. बाईंनी तीनदा ओवाळलं, तिन्हीदा ती गाडीकडेच वाकली.

भावाने खिशातून गाडीची दुसरी चावी काढली. ही इतकी वर्षं त्याच्याकडे होती. ताटात ठेवली. म्हणाला, "बाबा असते तर त्यांना वाटलं असतं, ही माझी गाडीच नाही, न उकळता चढली." मग नाक ओढलं. "हळू चालव गं."

बाईंनी चावी पदराच्या टोकाला बांधली. डोळे पुसायला म्हणून माझ्या काळ्या चष्म्यावर तोच पदर फिरवला, आणि मग एकदम वळल्या.

"सदतीस!"

मी ताठ उभा राहिलो. फाटकाबाहेर सायकलवरून चाललेला एक माणूसही थांबला. लोणावळ्यातही कुणीतरी सदतीस असणार.

"वारा कुठला?"

"पुढचा, बाई."

"म्हणजे?"

"पुढून येणारा. मागं जाणारा. नाव येतो तिथलं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बस खाली."

भाऊ उठला होता, पाट रिकामा होता. मी बसलो. गुडघे कुरकुरले, सातवीपासून उभा होतो ना.